लास वेगासचे चार दिवस: कूपनांनी खरंच पैसे वाचतात का?

सागरगोटे

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरमध्ये सासू-सासरे आमच्याकडे येतायत आणि चौघं मिळून लास वेगासला चार दिवस जायचं ठरलंय. आम्ही कोणीच जुगार खेळणारे नाही. पण सासऱ्यांची फार वर्षांची इच्छा आहे, एकदा खऱ्या कॅसिनोत रूलेटच्या, म्हणजे फिरत्या चाकावरच्या जुगाराच्या, टेबलाशी उभं राहून दोन-चार डाव लावायचे. वय ७१. त्यांची ही हौस नीट पुरवायची आहे, पण हात राखून.

दोन आठवडे मी कूपनं गोळा करतेय. एका हॉटेलकडून २० टक्के सवलतीची मेल आली आहे. कॅसिनोच्या प्लेअर्स क्लबचं, म्हणजे खेळणाऱ्यांच्या सभासदत्वाचं, कार्ड काढलं की १० डॉलरचा फ्रीप्ले (मशीनवर फुकट खेळायची रक्कम) देतात म्हणे. शोची तिकिटं त्याच दिवशी घेतली तर स्वस्त मिळतात असं वाचलं. आणि 'मॅचप्ले' नावाचं काहीतरी असतं, ते तर मला कळलेलंच नाही. यातलं काय उपयोगाचं आणि कशात पाय अडकतो? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा ना.

हिशेबवही

ताई, नवऱ्याच्या कामाची प्रदर्शनं तिथे भरायची, त्यामुळे २०१४ पासून माझं सहा वेळा जाणं झालं. दर वेळी एक छोटी वही नेते आणि झोपण्याआधी दिवसाचा खर्च लिहून काढते. आत्ता त्या वह्या समोर घेऊनच लिहितेय.

आधी ती २० टक्क्यांची मेल. समजा खोली ३९ डॉलरची आहे. त्यावर हॉटेलची रात्रीची सक्तीची रिसॉर्ट फी असते, स्ट्रिपवर, म्हणजे मोठ्या कॅसिनो हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, ती ५० डॉलरच्या आसपास धरा. या दोन्हींवर १३.३८ टक्के कर. म्हणजे ३९ ची खोली १०१ ला पडते. आता सवलत लावा. ती बहुतेक वेळा फक्त खोलीच्या दरावर मिळते, फीवर नाही. ३९ चे ३१.२० झाले, फी तशीच राहिली, कर धरून ९२. वाचले नऊ डॉलर, म्हणजे एकूण बिलाच्या नऊ टक्केसुद्धा नाहीत. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत नियम आलाय की सक्तीची फी धरूनच दर आधी दाखवायचा, त्यामुळे आता निदान अंधारात तरी राहत नाही. कर मात्र अजूनही शेवटी वाढू शकतो.

खोलीवर खरे पैसे वाचतात ते वार बदलून. रविवारी जा, गुरुवारी निघा. शुक्रवार-शनिवारचा दर कुठलंच कूपन भरून काढत नाही. आणि नोव्हेंबर म्हणालात म्हणून लगेच सांगते: थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आधीच्या आठवड्यात तिथे फॉर्म्युला वनची शर्यत असते, २०२३ पासून. रस्ते अडवतात, दर चढतात. ते दिवस सोडून तारखा बघा. बुकिंग रद्द करता येईल असंच करा आणि दर पंधरा दिवसांनी पुन्हा दर बघा. उतरला असेल तर जुनं सोडून नवं घ्या. मी एकदा तीन वेळा असं केलं होतं, आणि कुठल्याही कूपनापेक्षा जास्त पैसे त्यातच वाचले.

आता मॅचप्ले. याच्यावर जरा वेळ घालवते, कारण तुमच्या सासऱ्यांसाठी नेमकं हेच आहे.

१० डॉलरचं मॅचप्ले म्हणजे तुमच्या १० डॉलरच्या चिप्ससोबत ते कूपन टेबलावर ठेवायचं. जिंकलात तर कॅसिनो २० डॉलर देतं, हरलात तर तुमचे फक्त १० जातात. बहुतेक कूपनं बरोबरीच्या डावावरच चालतात, म्हणजे जितके लावले तितकेच वर मिळतात अशा डावावर, रूलेटमध्ये लाल-काळं किंवा सम-विषम. नेहमीच्या अमेरिकी चाकावर ३८ घरं असतात: १८ लाल, १८ काळी आणि दोन हिरवी शून्यं. समजा ३८ वेळा लालवर १० डॉलर लावले आणि प्रत्येक घर एकेकदा आलं. कूपन नसताना १८० मिळतात, २०० जातात, म्हणजे २० चा तोटा. प्रत्येक वेळी कूपन असेल तर ३६० मिळतात, २०० च जातात, १६० उरतात. एका कूपनामागे सरासरी सव्वाचार डॉलर तुमच्या बाजूला. आपल्यासारख्या साध्या माणसाच्या बाजूने पारडं झुकतं असं मला तिथे फार कमी ठिकाणी दिसलं, आणि हे त्यातलं एक.

एकेक डाव कधीही जाऊ शकतो, हे सासऱ्यांना आधीच सांगा. आणि कूपन संपलं की टेबल सोडायचं. पुढच्याच फेरीपासून पारडं फिरतं.

ही कूपनं क्लबच्या काउंटरवर विचारायची, किंवा कूपनांच्या पुस्तकात मिळतात. लास वेगास अ‍ॅडव्हायझर म्हणून १९८३ पासून चालत आलेलं एक बातमीपत्र आहे, ते सभासदांना असं पुस्तक देतं. पण वर्गणी भरण्याआधी यादी वाचा. त्यातली किती कूपनं तुम्ही चार दिवसांत खरंच वापराल ते मोजा.

फ्रीप्लेचं सोपं आहे. ते पैसे काढून घेता येत नाहीत, मशीनमधून एकदा फिरवावे लागतात. जे जिंकाल ते तुमचं. फिरवा, उरेल ती पावती वटवा आणि उठा.

मी 'उठा' एवढं का म्हणतेय त्याचं कारण २०१७ च्या वहीत आहे. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, आज कार्ड लावून खेळताना अमुक पॉइंट जमले की दोघांना रात्रीचा बुफे मोफत. बुफे दोघांचा मिळून ७० डॉलर. आमचे निम्मे पॉइंट झाले होते, म्हणून पुन्हा मशीनवर बसलो. साडेआठपर्यंत १८५ डॉलर गेले. बुफे मिळाला, पण नवरा जेवताना एक शब्द बोलला नाही आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. तो आकडा मी वहीत लाल शाईने लिहिलाय.

नंतर शांतपणे समजून घेतलं. ही 'मोफत' जेवणं आणि खोल्या तुम्ही प्रत्यक्षात किती हरलात यावर ठरत नाहीत, सरासरीने किती हराल यावर ठरतात. डावाची रक्कम, तासाला किती डाव, किती तास, आणि कॅसिनोचा वाटा (लावलेल्या पैशांतले सरासरी किती टक्के त्यांच्याकडे राहतात), या चारांचा गुणाकार. एक डॉलरचा डाव, तासाला ६०० वेळा आणि १० टक्के वाटा धरला तर तासाला ६० डॉलर जाणार, हे त्यांनी आधीच गृहीत धरलेलं असतं. त्यातला काही हिस्सा जेवण म्हणून परत येतो. पॉइंटसाठी एक मिनिटही जास्त बसू नका. कार्ड मात्र काढाच, ते मोफत आहे आणि पुढच्या वेळचे खोलीचे दर त्यावर येतात.

पत्त्यांचा_बंगला

हिशेबवहीताईंना पूर्ण अनुमोदन. एक भर घालतो. ब्लॅकजॅकच्या, म्हणजे पत्त्यांची बेरीज २१ करण्याच्या खेळाच्या, टेबलावर 'फक्त १० डॉलर' अशी पाटी दिसली की लोक तिकडे वळतात. खाली टेबलाच्या कापडावर काय छापलंय ते वाचा. ३:२ असेल तर १० वर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच २१) लागल्यास १५ मिळतात, ६:५ असेल तर १२ च. या एका फरकाने कॅसिनोचा वाटा जवळजवळ १.४ टक्क्यांनी वाढतो. स्वस्त दिसणारं टेबल बऱ्याचदा ६:५ चं असतं.

शोच्या तिकिटांबद्दल: स्ट्रिपवरच्या सवलतीच्या काउंटरवर त्याच दिवशीच्या शोची तिकिटं खरंच कमी दरात मिळतात. पण सगळ्यात गाजलेले शो तिथे असतीलच असं नाही. ठरावीक शोच बघायचा असेल तर आधी घ्या.

पायी_फिरणारी

माझ्याकडून तीन छोट्या गोष्टी. खोलीतल्या फ्रिजमधल्या वस्तूंना हात लावू नका, बऱ्याच हॉटेलांत खाली सेन्सर असतो आणि बाटली उचलून ठेवली तरी बिल लागतं. माझ्या आईने औषध गार ठेवायला जागा केली आणि २६ डॉलर लागले, ते काढून घ्यायला अर्धा तास रांगेत गेला. दुसरं, स्ट्रिपवर ड्यूस ही दुमजली बस घ्या, दिवसभराचा पास टॅक्सीच्या एका फेरीपेक्षा स्वस्त पडतो. तिसरं, मोफत बघण्याच्या गोष्टींच्या जुन्या याद्यांवर विसंबू नका. मिराज हॉटेलचा कृत्रिम ज्वालामुखी अजून कित्येक याद्यांत आहे, ते हॉटेल जुलै २०२४ मध्ये बंद झालं. बेलाजिओ हॉटेलची कारंजी आणि आतली फुलांची बाग मात्र आजही मोफत. सासूबाईंना तिथे जरूर न्या, बसायला जागा शोधून ठेवा.

सागरगोटे

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! शर्यतीचं कळल्यावर तारखा लगेच बदलल्या, आता रविवार ते गुरुवार. बाबांना ३८ घरांचा हिशेब वाचून दाखवला, त्यांनी तो स्वतः कागदावर करून बघितला आणि भलतेच खूश आहेत. फक्त एक विचारायचंय, चौघांनी चार कार्डं काढली तर चार मॅचप्ले मिळतील ना? आणि ती बाबांना एकट्याला वापरता येतील का?

हिशेबवही

कार्ड प्रत्येकाला वेगळं मिळतं, वय किमान २१ हवं आणि मूळ ओळखपत्र लागतं, सासू-सासऱ्यांसाठी पासपोर्ट, फोटोकॉपी चालत नाही. क्लबने नावावर दिलेलं कूपन ज्याचं त्यानेच वापरायचं असतं, त्यामुळे सासूबाईंनाही एक डाव लावू द्या. चिप्स ठेवण्याआधी डीलरला कूपन दाखवून 'इथे चालेल का' विचारायचं. आणि बाबांना बसवण्याआधी चाकावरची शून्यं मोजा. स्ट्रिपवर तीन शून्यांची चाकं बरीच झाली आहेत, दोनांचं सापडेपर्यंत पुढे चला.