‘वेध घेतला’ म्हणजे विमान पडले का?

मूळ प्रश्न

हवाई युद्धावरच्या एका लेखमालेचा अनुवाद करताना अडलो आहे. वैमानिकाला शत्रूच्या विमानावर रडारचा ‘लॉक’ मिळाला, म्हणजे रडार त्या एकाच विमानावर खिळले, अशा अर्थाचे वाक्य मी ‘वैमानिकाने शत्रूच्या विमानाचा वेध घेतला’ असे लिहिले होते. संपादकांनी ते खूण करून परत पाठवले आणि विचारले की विमान इथेच पडले असेल, तर पुढच्या परिच्छेदात ते वळण घेऊन निसटते कसे? मी ‘वेध घेणे’ हा प्रयोग एखाद्या गोष्टीवर नजर खिळवून तिची स्थिती टिपत राहणे या अर्थानेच ऐकत आलो आहे. वेधशाळेत घेतात ते वेध याच जातीचे. संपादकांना मात्र त्यात लक्ष्याला भोक पडलेलेच दिसते. चूक कोणाची, आणि ‘लॉक’ला मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद १

संपादकांचे बरोबर आहे. ‘वेध’ हा ‘व्यध्’ धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ टोचणे, भेदणे असाच आहे. कर्णवेध, मत्स्यवेध, लक्ष्यवेध हे शब्द पाहा. विमानवेधी तोफ विमानाकडे नुसती पाहत नाही, ते पाडते. आपल्याकडे ही दोन कामे वेगळी दाखवणारी साधी जोडी आहे: आधी नेम धरला जातो, मग तो लागतो किंवा चुकतो. ‘वैमानिकाने नेम धरला’ असे लिहावे.

प्रतिसाद २

धातूवरून अर्थ ठरवायचा, तर निम्मा शब्दकोश मोडीत काढावा लागेल. पंचांगातला क्रम वेध, स्पर्श आणि मोक्ष असा आहे. ग्रहणाचे वेध स्पर्शाच्या कितीतरी आधी लागतात. म्हणजे ‘वेध’ हा शब्द आघाताच्या आधीच्या अवस्थेसाठी भाषेत पक्का रुजलेला आहे, आणि ‘लॉक’ ही नेमकी तशीच अवस्था आहे.

‘नेम’ला माझी हरकत अधिक मूलभूत आहे. नेम एका क्षणाचा असतो. गोळी सुटली की नेम धरणाऱ्याचे काम संपते. रडार शोध घेत असते तेव्हा त्याचा झोत आकाशभर फिरतो आणि प्रत्येक विमानाची अधूनमधून ओझरती नोंद होते. लॉक मिळाल्यावर तो झोत एकाच विमानावर खिळतो आणि त्याचे अंतर, दिशा व जवळ येण्याचा वेग सतत मोजला जातो. काही क्षेपणास्त्रांना तर लक्ष्यावरून परतणाऱ्या याच लहरी वाट दाखवतात, त्यामुळे आघात होईपर्यंत झोत हलवता येत नाही. शिवाय क्षेपणास्त्र लक्ष्याच्या शेपटीमागे धावत नाही. लक्ष्याकडे जाणारी दृष्टिरेषा ज्या गतीने फिरते, त्या प्रमाणात ते स्वतःची वाट वळवते. ती रेषा फिरायची थांबली आणि अंतर घटत राहिले की टक्कर ठरलेली. सुटल्यानंतरही चालू राहणाऱ्या या मापनाला ‘नेम’ कसे म्हणायचे?

प्रतिसाद ३

मी काही वर्षे रडारच्या देखभालीचे काम केले आहे. तिथे मराठी बोलणारे आम्ही सगळे ‘लॉक झाला’, ‘लॉक गेला’ असेच म्हणत होतो आणि कोणाचाही घोटाळा झाला नाही. रडार व रॉकेट चालतात, तर लॉकनेच कोणता अपराध केला आहे? अर्थाचा प्रश्न दुसरीकडेच आहे. लॉक कोणाचा, हे अनुवादात स्पष्ट हवे. अमरामसारखे हवेतून हवेत मारा करणारे मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र दूरवरून सुटते तेव्हा त्याच्या स्वतःच्या रडारला बहुधा काहीच दिसत नसते. ते आधी अंतर्गत दिशादर्शनावर आणि विमानाकडून येणाऱ्या संदेशांवर उडते आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःचे रडार चालू करते. म्हणजे एकाच उड्डाणात दोन वेगळे लॉक असतात.

प्रतिसाद ४

‘शब्दवेधी’ कसा कोणाला आठवला नाही? दशरथाने पाण्यात बुडणाऱ्या घड्याचा आवाज ऐकून, तो हत्ती आहे असे समजून, बाण सोडला आणि श्रावण मारला गेला. उष्णतेच्या मागावर जाणाऱ्या क्षेपणास्त्राचे तत्त्व याहून वेगळे नाही: ते स्वतः कोणतीही लहर सोडत नाही, फक्त लक्ष्यातून येणारी खूण ओळखते. १९५८ साली तैवानच्या सामुद्रधुनीवर प्रथम लढाईत वापरले गेलेले साइडवाइंडर याच वर्गातले. ते उष्णता ओळखते, विमान ओळखत नाही. म्हणूनच मॅग्नेशियमयुक्त जळत्या फ्लेअर सोडून त्याच्या जुन्या आवृत्त्यांना चकवता येत असे. नवी क्षेपणास्त्रे उष्णतेची प्रतिमाच पाहतात, त्यामुळे ती इतक्या सहज फसत नाहीत. माझ्या मते ‘उष्णतावेधी’ हा आपला सर्वांत समर्थ शब्द आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

समर्थ आहे, पण निःसंदिग्ध नाही. ‘विमानवेधी’मध्ये विमान भेदले जाते, तर ‘उष्णतावेधी’मध्ये उष्णता ही केवळ खूण आहे. मग ‘रडारवेधी’ म्हणजे काय समजायचे? रडारच्या लहरींचा माग काढत जाणारे आणि शेवटी ते रडारच उद्ध्वस्त करणारे क्षेपणास्त्र असते. तिथे दोन्ही अर्थ एकाच वस्तूवर येऊन बसतात.

प्रतिसाद ५

मूळ शब्दच तपासू या. ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे आणि ‘अस्त्र’ ज्यापासून आला तो ‘अस्’ धातूही फेकण्याचाच. म्हणजे ‘क्षेपणास्त्र’ दोनदा फेकले गेले आहे. बॅलिस्टिक क्षेपणास्त्राला हे शोभते. १९४४ च्या जर्मन व्ही-२ क्षेपणास्त्राचे इंजिन जेमतेम एक मिनिट जळत असे आणि उरलेला प्रवास फेकलेल्या दगडासारखा होत असे. पण टॉमहॉकसारखे क्रूझ क्षेपणास्त्र पंखांवर तरंगत, जेट इंजिन अखेरपर्यंत चालू ठेवून, जमिनीच्या उंचसखलपणाची स्वतःत साठवलेल्या नकाशाशी तुलना करत जाते. त्यात ‘क्षेपण’ सुरुवातीच्या धक्क्यापुरतेच आहे. धनुर्वेदाच्या परंपरेत सोडल्यावरही ताब्यात राहणाऱ्या शस्त्रांसाठी ‘मुक्तसंधारित’ असा वर्ग होता. मागे तार सोडत जाणाऱ्या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांना तो शब्द किती चपखल बसेल!

प्रतिसाद ३ (पुन्हा)

तो शब्द वाचकाला समजावण्यात लेख संपेल. त्यापेक्षा ‘लढाऊ विमान’कडे लक्ष द्यावे, आपण हवेत लढणारे, बाँब टाकणारे आणि जमिनीवरच्या सैन्यावर हल्ला करणारे विमान त्या एकाच नावाने ओळखतो. अमेरिकेच्या एफ-११७ या विमानाच्या नावातले ‘एफ’ हे अक्षर लढाऊ विमानांचे असले, तरी त्यावर हवेतून हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र नव्हते आणि स्वतःचे रडारही नव्हते. ते लेझरचा ठिपका लक्ष्यावर धरून ठेवत असे आणि बाँब त्या ठिपक्याकडे जात असे. याला मात्र मी आनंदाने ‘वेध’ म्हणेन.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. पंचांगाचा दाखला संपादकांना पटला असून ‘वेध घेतला’ तूर्त राहिले आहे. आता त्याच परिच्छेदातले पुढचे वाक्य अडले आहे. शत्रूचे विमान रडारच्या दिशेशी काटकोन करून वळते. त्यामुळे त्याचा जवळ येण्याचा वेग शून्यावर येतो, त्याचा प्रतिध्वनी जमिनीच्या प्रतिध्वनीत मिसळतो आणि वेगाच्या फरकावरून विमान ओळखणाऱ्या डॉप्लर रडारकडून ते सुटते. ‘वेध तुटला’ कानाला खटकते. ‘वेध चुकवला’ लिहिले, तर बाण चुकवल्याचा अर्थ पुन्हा डोके वर काढतो, आणि माझ्या परिच्छेदात क्षेपणास्त्र तर अजून सुटलेलेच नाही.