फॅमिली मीडिएटर आणि त्यांची 'कौन्सिल', मराठीत काय म्हणायचं?

गोदाकाठ:
भाची लेस्टरला असते, घटस्फोटाचं चाललंय, मुलाच्या ताब्यासाठी कोर्टात जायचंय तर तिकडे म्हणे आधी मीडिएटरला भेटावं लागतं आणि तो फॅमिली मीडिएशन कौन्सिलच्या रजिस्टरवरचा हवा. तिच्या आईला फोनवर 'मध्यस्थ' म्हटलं तर ती म्हणे एवढ्यात दुसरं स्थळ कशाला बघताय 😄 'मध्यस्थांची संघटना' म्हटलं तर युनियन वाटली. शब्द सुचवा.

तिरकी रेघ:
मध्यस्थच ठेवा, कोर्टांमध्ये मध्यस्थी केंद्रांच्या पाट्या लागल्यात आता, कानाला सवय होईल. लवाद मात्र नको, लवाद निवाडा देतो, हा देत नाही. समुपदेशकही वेगळा, आपल्या फॅमिली कोर्टात विवाह समुपदेशक असतात ते 1984 च्या कायद्यानुसार.

नवखा वकील:
संघटना नको, परिषद म्हणा. आमच्याकडचा फरक बघा ना, सनद देणार बार कौन्सिल, शिस्तभंग झाला तर काढूनही घेणार तीच, आणि बार रूममधल्या पंख्यासाठी नि पार्किंगसाठी भांडणार ती बार असोसिएशन. पहिली पक्षकाराच्या बाजूने बघते, दुसरी वकिलाच्या. लोक दोन्हीला 'बार'च म्हणतात त्यामुळे घोळ होतो.

गोदाकाठ:
म्हणजे ही तिकडची कौन्सिल सरकारी का?

पैलतीर:
नाही, हीच तर गंमत. मी इंग्लंडमध्येच आहे. 2007 ला रिझोल्यूशन, नॅशनल फॅमिली मीडिएशन, कॉलेज ऑफ मीडिएटर्स वगैरे आधीपासूनच्या संस्थांनी मिळून काढलेली आहे, मीडिएटर या संस्थांचे मेंबर असतात आणि कौन्सिल ट्रेनिंगचे निकष, आचारसंहिता, रजिस्टर आणि तक्रारी बघते. मीडिएटर कोणीही म्हणवून घेऊ शकतो, पण 2014 च्या कायद्याने कोर्टात अर्ज करायच्या आधी ती पहिली मिटिंग (सगळे मायाम म्हणतात) सक्तीची झाली, आणि मिटिंग झाल्याची नोंद रजिस्टरवरच्या, मान्यता मिळालेल्या मीडिएटरचीच चालते, बाकीच्यांची कोर्ट धरत नाही. सरकारने न काढलेल्या संस्थेच्या हातात ही चावी आलीय! मारहाण, छळ असेल तर मिटिंगमधून सूट आहे हे भाचीला नक्की सांगा. आणि सक्ती फक्त त्या मिटिंगची, पुढे मीडिएशन करायचं का नाही ते दोघांनी ठरवायचं.

नवखा वकील:
आपल्याकडे उलटं आहे बघा, 2023 च्या मध्यस्थी कायद्यातच भारतीय मध्यस्थी परिषदेची तरतूद आहे, मध्यस्थांची नोंदणी, संस्थांना मान्यता, आचारसंहिता सगळं तिच्याकडे. मध्यस्थीला 120 दिवस, फार तर अजून 60, आणि आत जे बोललं गेलं ते पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही. नवराबायकोच्या भांडणात या शेवटच्या गोष्टीला फार किंमत आहे, नाहीतर कोण तोंड उघडणार.

तिरकी रेघ:
मग 'कौटुंबिक मध्यस्थी परिषद', आणि रजिस्टरवरचा म्हणजे 'नोंदणीकृत मध्यस्थ'. 'अधिकृत' नको, सरकारी माणूस वाटतो.

पैलतीर:
चालेल. ताबा मात्र बदला, इथे कस्टडी शब्द कायद्यातून कधीच गेला, आता चाइल्ड अरेंजमेंट्स ऑर्डर असते, मूल कुठे राहणार नि कोणाला कधी भेटणार एवढंच त्यात ठरतं.

तिरकी रेघ:
ताब्यासाठी वेगळा धागा काढा राव, तिथे फ्लॅटच्या पझेशनवाले पण येतील.