मारबरीचं काय?

'एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) सुटलं की खेळाडूने परदेशात फक्त पेन्शन गोळा करायची' असं म्हटलं जातं. बहुतेकांच्या बाबतीत असेलही, पण स्टेफॉन मारबरीला त्यात बसवता येत नाही.

मिनेसोटा, न्यू जर्सी, फिनिक्स, न्यूयॉर्क आणि शेवटी बोस्टन अशी एनबीएच्या संघांतून भटकंती. न्यूयॉर्कच्या निक्स संघात तर प्रशिक्षकांशी इतकं वाजलं की त्याला नुसतं बसवून ठेवलं होतं. 2010 मध्ये तो चीनमधल्या शान्शी संघात गेला तेव्हा सगळ्यांनी 'संपला' म्हणून हात झटकले. तिथे मोजकेच दिवस, मग तिथल्याच फोशान संघात एक हंगाम, तोही यथातथाच.

खरी गंमत त्यानंतरच्या बीजिंग संघाची. चीनच्या लीगमध्ये तेव्हा संघात परदेशी खेळाडू दोनच, आणि सामन्याचे क्वार्टर (भाग) चार असले, तरी दोघांचे मिळून आठऐवजी सहाच व्हायचे. म्हणजे एकट्याने हाणत सुटून भागत नाही, स्थानिक पोरांना खेळवावंच लागतं. ज्याला अमेरिकेत 'स्वार्थी' म्हणून हिणवलं, तोच इथे ते करत होता! 2012 मध्ये बीजिंगला पहिलं विजेतेपद मिळालं; ग्वांगडोंग संघाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात त्याचे 41 गुण होते. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळाही उभारला, तोही तो खेळत असतानाच. मग 2014 आणि 2015 मध्ये पुन्हा विजेतेपद.

पैशासाठीच गेला असेल हो, पण नुसत्या पैशासाठी कुणी निवृत्तीनंतर तिथेच प्रशिक्षक होत नाही.