उंदरांत रेट सिंड्रोम उलटवला म्हणतात, मग आमच्या पोरींना औषध का नाय?

फोंड्याची_मावशी:
माझी भाची चार वर्षांची. दीड वर्षापर्यंत सगळं ठीक होतं, दोन-चार शब्द बोलायची, मग बोलणं गेलं, हातातलं बिस्कीट धरायची बंद झाली आणि आता दिवसभर साबण लावल्यासारखे हात चोळत बसते. टेस्टमध्ये एमईसीपी2 जनुकात बिघाड निघाला, म्हणजे रेट सिंड्रोम. चवथीला भावोजी मोबाईलवर दाखवत होते की 2007 लाच उंदरांत हा आजार बरा केला. मग इतकी वर्षं काय चाललंय? आणि उंदराला हा आजार होतो तरी कसा?

उंदीरवाला_वास्को:
ताई, ते एडिनबराच्या एड्रियन बर्ड यांच्या लॅबमधलं काम, खरंच आहे. पण त्यांनी उंदरांच्या जनुकात आधीच एक अडथळा घालून ठेवलेला, टॅमॉक्सिफेन हे औषध दिलं की तो निघणार आणि जनुक चालू होणार अशी सोय करूनच. भाचीच्या जनुकात तसला काढता येणारा अडथळा नाय, जनुकच बिघडलंय, त्यामुळे टॅमॉक्सिफेन देऊन काय उपयोग नाय. तरी एक मोठी गोष्ट कळली, लक्षणं वाढलेला उंदीर पण सावरतो म्हणजे मेंदूच्या पेशी मेलेल्या नसतात. आजार दिसतो कसा म्हणाल तर शेपटीला धरून उचललं की चांगला उंदीर मागचे पाय फाकवतो, हा पोटाशी आवळून धरतो. श्वास पण मधेच थांबतो.

शंकासुर_म्हापसा:
उंदरांचं जास्त मनावर घेऊ नका. फ्रॅजाइल एक्स नावाच्या दुसऱ्या जनुकीय आजाराच्या उंदरांत मॅव्होग्लुरंटसारखी औषधं मस्त चाललेली, माणसांवर काय फरकच पडला नाय, 2014 ला नोव्हार्टिस या औषध कंपनीने सोडून दिलं.

उंदीरवाला_वास्को:
मान्य रे, पण उंदरांनीच एक धोका पण दाखवलाय. 2007 च्याच प्रयोगात टॅमॉक्सिफेन भराभर दिलेले बरेच उंदीर मेले, हळूहळू दिलेले जगले. या जनुकातून बनणारं प्रोटीन जास्त झालं तरी वाईट, मुलग्यांत एमईसीपी2 डुप्लिकेशन, म्हणजे हे जनुक जादा असल्याचा, वेगळाच आजार आहे. मुलींत दोन एक्स गुणसूत्रं, हे जनुक त्यांच्यावरच असतं, म्हणजे काही पेशींत चांगलं जनुक चालू असतं काहींत बिघडलेलं, जीन थेरपीत बाहेरून घातलेलं चांगलं जनुक दोन्हीकडे जाणार, मग चांगल्या पेशींत ते जास्त होणार. आणि लॅबमध्ये बरंचसं काम नर उंदरांवर, कारण त्यांच्यात एकच एक्स, लक्षणं लवकर दिसतात. आजार मुलींचा आणि उंदीर नर, हे मला पण खटकतं.

डिचोलीचे_पप्पा:
आमची नऊ वर्षांची. ट्रोफिनेटाइड हे रेटचं औषध अमेरिकेत मार्च 2023 ला मंजूर झालं, पण ते आजार मुळातून काढत नाय आणि जुलाब फार होतात. जीन थेरपीच्या ट्रायल पण त्याच वर्षी माणसांवर सुरू झाल्यात. तोवर फिजिओ सोडू नका, पाठीचा कणा वाकतो तो दाखवत राहा, ईसीजी काढा. स्टेम सेलचं पॅकेज कोणी गळ्यात मारायला आला तर फोन ठेवून द्या, आमच्याकडे एकाने लाखांत मागितलेले.

फोंड्याची_मावशी:
ईसीजीचं कोणी बोललंच नव्हतं ओ. त्यात काय बघतात?

डिचोलीचे_पप्पा:
क्यूटी, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय परत तयार व्हायला लागणारा वेळ. काही मुलींत तो लांबलेला असतो, मग काही औषधं चालत नाहीत. कुठलंही नवीन औषध लिहून दिलं की आधी रेट आहे म्हणून सांगा, साधं अँटिबायोटिक असलं तरी.