मदत हवी आहे: कुंडीच्या मातीत चुनखडी, जिप्सम, रॉक फॉस्फेट घातलं आणि जास्वंद पिवळी पडली

गच्चीतली_बाग

नमस्कार. जास्वंदीसाठी मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझ्या तीसेक कुंड्या आणि ग्रोबॅग आहेत. त्यातल्या चार जास्वंदी आईने देवरुखहून पाठवलेल्या फांद्यांपासून जगवल्या आहेत. आईच्या अंगणातलं ते झाड माझ्या जन्माआधीचं आहे. गणपतीत रोज परडीभर फुलं देतं. आता आई-बाबा दोघंच तिथे असतात, म्हणून त्या झाडाचा अंश माझ्याकडे टिकावा असं मनापासून वाटतं.

दिवाळीनंतर सगळी माती नव्याने केली. नर्सरीतली लाल माती दोन घमेली, धुतलेलं कोकोपीट एक घमेलं, गांडूळखत एक घमेलं, दोन मुठी निंबोळी पेंड. इथवर दरवर्षीचंच. या वेळी पंधरा इंची प्रत्येक बॅगेत दोन मुठी चुनखडीची पावडर आणि एकेक मूठ हाडांचा चुरा, रॉक फॉस्फेट, जिप्सम व लाकडाची राख एवढं जास्तीचं घातलं. बाबा नारळाच्या आळ्यात दरवर्षी राख आणि चुनखडी घालतात, ते लहानपणापासून बघत आले. कुंडीतली खनिजं दोन वर्षांत संपतात असंही कुठेतरी ऐकलं होतं. म्हटलं, एकदाच भरपूर देऊन टाकू.

फेब्रुवारीपासून नवीन पानं फिकट पिवळी यायला लागली. शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसतात. खालची जुनी पानं अजून बरी आहेत. कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन गळतात. मोगरा आणि कागदी लिंबाचंही तेच. पण त्याच मातीत पालक आणि मेथी मात्र छान आली! नर्सरीत दाखवलं तर एप्सम सॉल्ट दिलं. दोनदा घालून काही फरक नाही.

पाणी जानेवारीपर्यंत नळाचं होतं, नंतर बोअरचं.

चुकलं कुठे? आता वरून काही घालून सुधारेल की माती काढूनच टाकावी लागेल? आणि जे आईकडे चालतं ते माझ्याकडे का चालत नाही?

काळी_कसदार

ताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं उत्तर त्यातच आहे. नवीन पान पिवळं, शीर हिरवी, जुनं पान ठीक, म्हणजे लोहाची कमतरता. मॅग्नेशियम कमी पडलं असतं तर उलट झालं असतं. झाड जुन्या पानातलं मॅग्नेशियम काढून नव्या पानाला देऊ शकतं, म्हणून तिथे आधी खालची पानं पिवळी पडतात. लोह असं हलवता येत नाही. एप्सम सॉल्ट मॅग्नेशियमचंच असतं, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही, आणि यापुढे ते घालू नका.

आज एक गोष्ट करा. बॅगेतली चमचाभर माती वाळवून बशीत घ्या आणि वर व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे. तीच परीक्षा पिशवीत उरलेल्या, काहीही न मिसळलेल्या लाल मातीवरही करा.

कुंड्यांच्या वर शोभेचे पांढरे गोटे घातले आहेत का?

गच्चीतली_बाग

हो, चारही जास्वंदींना! माती उडू नये म्हणून. त्याचा काय संबंध?

व्हिनेगर टाकलं. बॅगेतली माती चांगलीच फसफसली. कोरी लाल माती अगदी किंचित.

काळी_कसदार

ते गोटे बहुधा संगमरवराचे असतील. संगमरवर म्हणजे चुनखडकच, फक्त रूप बदललेला. दर पाण्याबरोबर कणाकणाने झिजतो. काढून टाका, नारळाची शेंडी किंवा वाळका पाला पसरा.

शेतीशाळा

मी कृषी पदवीधर आहे आणि माती परीक्षणाचंच काम करतो, म्हणून थोडं लांबवून लिहितो. विशेषतः तुमच्या शेवटच्या प्रश्नावर, कारण तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

देवरुखचा जांभा, म्हणजे तो तांबडा दगड, आणि पुण्याचा काळा पाषाण मुळात एकाच दगडाची, बेसाल्टची लेकरं. फरक पावसाने केला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याने हजारो वर्षांत कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेलं आणि मागे लोह व ॲल्युमिनियम राहिलं. म्हणून ती माती तांबडी आणि आंबट, सामू, म्हणजे पीएच, सातच्या बराच खाली. तिथे तुमचे बाबा चुनखडी आणि राख घालतात ते अगदी बरोबर आहे, आंबटपणा मोडतो आणि नारळाला पालाश, म्हणजे पोटॅश, मिळतं. घाटावर पाऊस कमी, कॅल्शियम जागेवरच राहिलं. आपल्याकडे काळ्या रानात खणलं की पांढरे चुनखडीचे खडे निघतात ते त्याचंच. इथे कॅल्शियम ही तूट नाही, ते आधीच जास्त आहे.

आता लोहाचं. मातीत लोह भरपूर असूनही झाड उपाशी राहू शकतं. सामू एक अंकाने वाढला की तिहेरी भाराच्या लोहाची, म्हणजे मातीत बहुतेक ज्या रूपात ते असतं त्याची, पाण्यात विरघळण्याची क्षमता सुमारे हजारपट घटते. लोह आहे, पण कुलूपबंद. पालक, मेथी हे सोसतात, जास्वंद, मोगरा, लिंबू लगेच बोलतात.

तुम्ही घातलेल्या एकेका वस्तूचं सांगतो. चुनखडी आणि राख, दोन्हींनी सामू चढतो. रॉक फॉस्फेट आणि हाडांचा चुरा विरघळायला आंबट माती लागते. तुमच्या बॅगेत ते जवळजवळ तसंच पडून असेल, आणि जेवढं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, सुटेल ते लोहाच्या वाटेत आणखी अडसर आणेल. जिप्सम मात्र यात निर्दोष आहे. त्याने सामू चढत नाही आणि झाडाला गंधकही मिळतं. पण 'जिप्समने माती भुसभुशीत होते' हे सोडियममुळे चोपण, म्हणजे घट्ट, झालेल्या जमिनीबद्दल खरं आहे, कुंडीतल्या साध्या मातीला त्याचं काम नाही.

आणि बोअरचं पाणी. समजा त्याची अल्कता, म्हणजे आम्ल मोडण्याची ताकद, चुन्याच्या हिशेबात लिटरला 300 मिलिग्रॅम असेल आणि एका कुंडीला रोज लिटरभर जात असेल, तर वर्षाला शंभर ग्रॅमच्या वर चुना तुम्ही नुसत्या झारीने घालता. माझ्याकडे येणाऱ्या कुंड्यांच्या नमुन्यांत खतापेक्षा पाण्यानेच बिघडलेली माती जास्त असते. शक्य असेल तर माती परीक्षण करून घ्या. सामू, विरघळलेले क्षार आणि चुनखडीचं प्रमाण एवढं सांगितलं तरी पुरे.

जांभादगड

मी लांज्याचा. वर म्हटलंय ते शंभर टक्के खरं. आमच्याकडे चुनखडी न घालता भेंडी, वांगी लावली की रोपं खुरटतात. माझा भाऊ पनवेलला आहे, त्याला मी कुंड्यांसाठी इथली तांबडी माती नेऊन दिली, वर काही घालू नको म्हणून सांगितलं. त्याची अनंताची झाडं उत्तम आहेत. आईकडे जाणं झालं की दोन पोती माती घेऊन या.

रोज_पाणी_घालणारी

गंधकाची पावडर घातली तर नाही का चालणार? माझ्या ब्लूबेरीला पाकिटावर तसंच लिहिलं होतं.

शेतीशाळा

चालतं, पण मोकळा चुना नसेल तर. गंधकाचं आम्ल जिवाणू करतात, त्याला ऊब, ओल आणि काही महिने लागतात. ते आम्ल आधी चुन्यावरच खर्च होतं. 100 ग्रॅम चुनखडी संपवायला साधारण 32 ग्रॅम गंधक लागेल, आणि तोवर कुंडीत क्षार साठतील. इथे माती बदलणं जास्त सोपं.

गच्चीतली_बाग

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण अहवालाची वाट बघत होते. बॅगेतल्या मातीचा सामू 8.3 आला, चुनखडीचं प्रमाण 'अधिक'. कोऱ्या लाल मातीचा 7.4.

लिंबाची पानं हातात घेतली की फार वाईट वाटतं. मी प्रेमानेच घातलं होतं सगळं. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अगो, आमच्या मातीला लागतं ते तुझ्या मातीला कशाला?"

आता माती बदलायला घेते. नवं मिश्रण कसं करू ते सांगाल का?

शेतीशाळा

8.3 हा अगदी चुनखडीचाच आकडा आहे. 8.5 च्या वर गेला असता तर सोडियमची शंका घेतली असती. म्हणजे दुखणं सरळ आहे, घाबरू नका.

चारही जास्वंदी, मोगरा आणि लिंबू संध्याकाळच्या वेळी काढा. मुळांभोवतीची माती हलक्या हाताने झाडा, सगळी धुऊन काढायचा अट्टहास नको. नव्या मिश्रणात कोरी लाल माती एक भाग, धुतलेलं कोकोपीट एक भाग, चांगलं कुजलेलं पानांचं खत एक भाग. पोकळी राहण्यासाठी पर्लाइट घ्या, महाग वाटलं तर भाताचं तूस घ्या. क्रशरची कच नको, तिची बारीक पूड पाणी अडवते. खनिज म्हणून सध्या काहीही नाही. पानं रंगावर येईपर्यंत लोह द्यायचं असेल तर चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूत बांधून ठेवलेलं, लोह घ्या आणि पाकिटावर त्या रेणूचं नाव ईडीडीएचए लिहिलेलं पाहून घ्या. ईडीटीए प्रकार सामू चढला की टिकत नाही. ते मिळालं नाही तर हिराकस (फेरस सल्फेट), लिटरला 5 ग्रॅम, चार थेंब लिंबू पिळून, ताजं करून संध्याकाळी पानांवर फवारा. फरशीवर सांडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. जुनी पिवळी पानं पुरती सुधारतीलच असं नाही, तुम्ही नव्या पालवीकडे बघा.

काळी_कसदार

आणि पावसाळ्यात गच्चीच्या पन्हळीखाली एक पिंप लावा. पावसाच्या पाण्यात चुना नसतो. जास्वंदींना तेवढंच राखून ठेवा, बोअरचं पालेभाज्यांना घाला. काढलेली माती फेकू नका हो. पालक, मेथी, बीट तिच्यात खुशाल लावा.

गच्चीतली_बाग

जून संपता संपता लिहिते आहे. तीन जास्वंदींना नवी पालवी हिरवी आली. चौथी गेली. लिंबू अजून रुसलेलं आहे, पण त्याचं एक टोक कालपासून पोपटी दिसतंय. पिंप आणलं, पहिल्या दोन पावसांत भरलं. जुनी माती दोन ट्रेमध्ये घालून पालक पेरला आहे. आई आषाढात येणार आहे, येताना दोन पोती माती आणि नव्या चार फांद्या आणते म्हणाली.