मदत हवी: बॉल लागल्यापासून दोन-दोन दिसतंय

मंजू_सातारा: परवा भाच्याला डोळ्याखाली सीझनचा बॉल लागला. तेव्हापासून दोन-दोन दिसतंय म्हणतो. एक्स-रे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले सूज उतरली की जाईल, थेंब दिलेत. चष्मा लागेल का? लवकर सांगा प्लीज.

तिरकस_तात्या: वय? एक डोळा झाकला की एकच दिसतं का? दोन प्रतिमा शेजारी की वर-खाली?

आजीचा_बटवा: रात्री नाकात साजूक तुपाचे दोन थेंब. उष्णता उतरते.

तिरकस_तात्या: नाकात काही घालू नका, शिंकरूही देऊ नका! डोळ्याच्या खोबणीचं हाड तडकलं असेल तर सायनसमधली हवा डोळ्यामागे शिरते. आणि साध्या एक्स-रेत ही तड बरेचदा दिसत नाही.

बुलेटवाला: उगाच घाबरवू नका हो. मलाही अपघातानंतर दोन दिसायचं. डोळ्यावर पट्टी लावून फिरलो, आपोआप गेलं. थांबा थोडं.

मंजू_सातारा: वर-खाली दिसतं. कुठलाही डोळा झाकला की एकच. वर बघ म्हटलं की उजवा डोळा मध्येच अडकतो. हनुवटी उचलून टीव्ही बघतो. सूज तशी नाहीच.

तिरकस_तात्या: सूज नाही तर उतरणार काय? ताई, वय सांगा. उलट्या?

मंजू_सातारा: ११. काल दोनदा झाली, पण पाणीपुरी खाल्ली होती.

तिरकस_तात्या: पाणीपुरी सोडा. लहान मुलांचं हाड लवचीक, तडकून पुन्हा मिटतं आणि डोळ्याखालचा स्नायू त्या फटीत चिमटतो. मग वर बघितलं की मळमळ, नाडीही मंदावते. बाहेरून डोळा अगदी बरा दिसतो, म्हणूनच फसायला होतं. मोठ्यांत आठ-पंधरा दिवस थांबता येतं, इथे शक्यतो २४ ते ४८ तासांत स्नायू सोडवतात. आत्ता निघा. कॅज्युअल्टीत ‘ऑर्बिटचा सीटी, कॉरोनल कट्ससकट’ असं सांगा, म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा सीटी स्कॅन, समोरून घेतलेल्या उभ्या कापांसकट. वाटेत खायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

बुलेटवाला: माझं तर...

तिरकस_तात्या: तुम्हाला शेजारी-शेजारी दिसायचं ना?

बुलेटवाला: हो. नस दुखावली म्हणाले होते.

तिरकस_तात्या: मग ते वेगळं.

मंजू_सातारा: निघालो. सीटी रात्री होतो?

तिरकस_तात्या: मोठ्या हॉस्पिटलात होतो. आधी फोन करून डोळ्यांचे सर्जन आहेत का विचारा.

क्रिकेटची_आई: ग्रिलवालं हेल्मेट मुलांच्या मापात कुठे मिळेल?

आजीचा_बटवा: आमच्या वेळी टेनिस बॉलच असायचा.