मदत हवी आहे : सँडविच हार्बरची वाळूच्या टेकड्यांवरील सफर

नमस्कार मंडळी,

नामिबियातील वॉल्व्हिस बे येथून दक्षिणेकडे सँडविच हार्बरला जाणारी, मार्गदर्शक चालकासह होणारी फोर-बाय-फोर सफर आम्ही ठरवत आहोत. २०१३ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या नामिब वाळवंटातील टेकड्या तेथे थेट अटलांटिकला भिडतात आणि गाडीसाठी लाटा व टेकडीचा पायथा यांच्यामधील अरुंद पट्टीच उरते, जी भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते. त्यामुळे तारीख निवडताना अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस टाळावेत, की त्याच दिवसांतील मोठ्या ओहोटीचा उलट फायदाच होतो?

माझी खरी काळजी मात्र आईची आहे. तिला मणक्याचा जुना त्रास आहे. टायरमधील हवा कमी केल्यामुळे सपाट वाळूवर धक्के फारसे बसत नाहीत, हे मी समजू शकतो. परंतु टेकडीच्या वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूचा उतार सुमारे ३४ अंशांचा असतो आणि माथ्यावर गाडी पोहोचताच बॉनेटपलीकडे नुसते आकाश दिसून पुढच्या क्षणी ती खाली झेपावते, तेव्हा पाठीवर किती ताण येतो? चालकाला असे उतार वगळण्याची विनंती केल्यास सफरीत पाहण्यासारखे काही उरते का? (वडिलांना नेमके तेच उतार हवे आहेत, हा भाग वेगळा.) तिच्यासाठी पुढची जागा आधीच मागून घ्यावी का, आणि अर्ध्या दिवसाची सफर पुरेशी ठरेल का, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.